ताकदीच्या गोळ्या: पहिल्यांदाच सप्लिमेंट घेणाऱ्यांसाठी

सेलूत माझं मेडिकल आहे. सकाळी शटर वर केल्यापासून रात्री नऊपर्यंत दोन वाक्यं मी सगळ्यात जास्त ऐकतो. एक, "ॲसिडिटीचं काही द्या." दुसरं, "भाऊ, ताकदीची गोळी द्या." कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "तसं काही नाही हो, अंगात दमच राहिला नाही."

हाच माणूस रानात झिंक टाकायचं असेल तर माती तपासून घेतो, निदान कृषी सहायकाला तरी विचारतो. फुकट मिळालं म्हणून कुणी खताचं पोतं हरभऱ्यात ओतत नाही. स्वतःच्या अंगाचं मात्र काहीही चालतं. टीव्हीवरचा डबा, मेव्हण्यानं आणून दिलेलं पाकीट, शेजारणीला लागू पडलेली कॅप्सूल. सप्लिमेंटचा फायदा होतो, यात शंका नाही. काही गोळ्यांनी तर पार उठता न येणारी माणसं कामाला लागलेली मी बघितलीत. पण तो फायदा उणीव असेल तिथंच होतो. उणीव नसताना घेतलेलं एक तर लघवीवाटे जातं, नाही तर अंगात साठून त्रास देतं. नव्यानं सुरू करणाऱ्यानं कसं जायचं, ते माझ्या काउंटरवरच्या अनुभवातून सांगतो. हे डॉक्टरच्या सल्ल्याऐवजी नाही, त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं ते कळावं म्हणून आहे.

पायरी १: आधी ताट बघा, मग रक्त

तीन दिवस काय खाल्लं ते वहीत लिहा. खोटं लिहू नका, वही कुणी तपासणार नाही. ज्वारीची भाकरी किती, वरण घट्ट की पाण्यासारखं, पालेभाजी कधी होती, दूध-दही पोटात गेलं का, अंडं-मटण चालतं का, आणि चहा किती वेळा. चहाचा आकडा बहुतेकांना स्वतःलाच धक्का देतो.

त्या वहीवरून अर्धं काम होतं. घर माळकरी असेल, दूधही फक्त चहापुरतं असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी, कारण हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नाहीच. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं. शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तरी बी-१२ घटतं, मग माणूस मांसाहारी का असेना. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर लोहाचा प्रश्न. घरातच बसून राहणारे आजी-आजोबा आणि डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून स्कूटीवर जाणाऱ्या मुली, यांना ड जीवनसत्त्वाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तरी ड कमी कसं, असं लोक विचारतात. ऊन अंगणात आहे, कातडीवर कुठं पडतंय? काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचाही यासाठी उपयोग नाही, लागतात ती किरणं काचेतच अडतात.

मग तपासणी. सत्तर-ऐंशी चाचण्यांचं पॅकेज घेऊ नका. साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी, करा. त्यात हिमोग्लोबिन कळतं. बाईमाणसाला १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली आणि पुरुषाला १३ च्या खाली असेल तर रक्त कमी, म्हणजे ॲनिमिया, आहे असं धरतात. शंका असेल तशी डॉक्टर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ किंवा ड ची तपासणी लिहून देतील. एक चूक फार जण करतात: आधी दोन आठवडे गोळ्या खातात आणि मग बी-१२ तपासायला जातात. रिपोर्ट भरगच्च येतो आणि मूळचं दुखणं काय होतं ते कळतच नाही. रक्त आधी द्या, गोळी नंतर.

थकवा म्हणजे जीवनसत्त्वच कमी असं नसतं. थायरॉइड, शुगर, टीबी, रात्रीची अपुरी झोप, कर्जाची काळजी यांनीही दम जातो. हाडं दुखतात म्हणून कॅल्शियम मागणाऱ्याला मी बोअरच्या पाण्याबद्दलही विचारतो. मराठवाड्यातल्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथं आधी पाणी तपासायला हवं.

पायरी २: कुठल्या गोळीचा खरा उपयोग कुणाला

लोह. आपल्या भागात सगळ्यात जास्त गरज याची आहे आणि सगळ्यात जास्त उकिरड्यात जाणारी गोळीही हीच. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात (२०१८ पासून) गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी मिळते, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी, त्याहून लहानांना गुलाबी. सगळं फुकट. तरी बाया म्हणतात, "त्या गोळीनं मळमळतंय, संडास काळी होतीय, काही तरी वाईटच असंल." काळी होणं म्हणजे उरलेलं लोह बाहेर पडतंय, बाकी काही नाही. मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्या. तरीही सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगा. एक दिवसाआड घेतली तर एकेका गोळीतलं लोह अंगात जास्त मुरतं, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे काही डॉक्टर तसंही लिहून देतात. आपल्या मनानं बंद करण्यापेक्षा हे कधीही बरं.

गोळीसोबत जालन्याच्या मोसंबीच्या चार फोडी, लिंबू पिळलेलं पाणी किंवा पेरू खा. क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. चहा मात्र गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी नको. आमच्याकडे ऊसतोडीहून आलेली एक बाई गोळी नेमानं घ्यायची, पण चहाच्या घोटाबरोबर. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन जेमतेम अर्ध्या ग्रॅमनं वाढलं. चहा बाजूला केला, गोळी तीच ठेवली, पुढचा रिपोर्ट बघून डॉक्टरही खूश झाले.

फॉलिक ॲसिड. याची गोष्ट मुंबईपासून सुरू होते. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर तिथं आली आणि कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायांचा ॲनिमिया तपासू लागली. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, हे तिला दिसलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून आणखी एक गोष्ट पक्की झाली: आधीच्या बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत जन्मजात दोष असलेल्या बायांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. 'आधीपासून' हा शब्द महत्त्वाचा. बाळाची मज्जानलिका (जिच्यातून पुढे मेंदू आणि मणक्यातली मज्जा बनते) पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलींनी रोज ४०० मायक्रोग्रॅम आधीच सुरू करावं. घरात आधी असं बाळ झालेलं असेल तर मात्रा कितीतरी जास्त लागते, ती डॉक्टरच ठरवतील. सगळ्या सप्लिमेंटमध्ये इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे क्वचितच दिसतो, आणि ही गोळी सगळ्यात स्वस्तांपैकी आहे.

बी-१२. हे कमी पडलं की हातापायाला मुंग्या, जीभ लालभडक, चालताना तोल जाणं, विसराळूपणा. फार दिवस दुर्लक्ष केलं तर नसांचं नुकसान कायमचं राहतं. गोळी किंवा इंजेक्शन, दोन्हींनी भरून निघतं. फक्त फॉलिक ॲसिड घेऊन बी-१२ ची कमतरता झाकू नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसा मात्र खराब होत राहतात.

ड आणि कॅल्शियम. ड खूप कमी असेल तर डॉक्टर साधारण आठ आठवडे दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी देतात. कॅल्शियम प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, पण ते सगळं गोळीतून नाही. पेलाभर दुधातून दोनशेच्या वर येतं, दही, तीळ, राजगिरा यांतून आणखी. राहिलेल्या फरकापुरती गोळी.

झिंक. मोठ्यांनी 'इम्युनिटी'साठी महिनोन्‌महिने खाण्यात मला अर्थ दिसत नाही. लहान लेकराला जुलाब लागले तर मात्र ओआरएससोबत १४ दिवस झिंक द्यायचं: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. जुलाब लवकर थांबतात, पुन्हा होण्याचं प्रमाणही घटतं. आशाताईंकडे दोन्ही मिळतं. दोन दिवसांत जुलाब थांबले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.

प्रोटीन पावडर. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे ग्राउंडवर पळतात आणि दहा वाजता माझ्याकडे डब्याची किंमत विचारतात. मी त्यांना कागदावर हिशेब करून देतो. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या पोराला ५० ग्रॅम. कसून मेहनत करत असेल तर ७० ते ९५. आता ताट: चार भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, दोन अंडी, पेलाभर दूध. झाले साधारण ६० ग्रॅम. कमी पडले दहा ते पस्तीस. ते मूठभर सोयावडी, आणखी दोन अंडी आणि वाटीभर मोडाच्या मटकीतून येऊ शकतात. सोयावडीत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. आपण सोयाबीन लातूरच्या आडतीवर घालतो आणि त्याच पैशातून डबा विकत आणतो, यावर हसावं की रडावं कळत नाही. (घरचं सोयाबीन खायचं तर नीट शिजवून किंवा भाजून, कच्चं नको.) मेसचं पाणीदार वरण खाणाऱ्या लातूर-संभाजीनगरच्या पोरांना एक स्कूप सोयीचा पडतो, हे मान्य. त्याहून जास्त स्कूप म्हणजे महागडी लघवी.

ओमेगा-३ (माशाच्या तेलातली चरबी) आणि बुद्धीच्या गोळ्या. अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांवर सरासरी पाच वर्षं ड आणि ओमेगा-३ ची चाचणी केली. २०१८ मध्ये निकाल आला: ना कॅन्सर ठळकपणे घटला, ना हार्ट अटॅक-पक्षाघाताचं एकूण प्रमाण. धडधाकट माणसाला जवसाची चटणी बरी. जवसातलं ओमेगा-३ माशातल्यासारखं थेट कामाला येत नाही, शरीर त्यातलं थोडंच बदलून घेतं, पण चटणी भाकरीबरोबर लागते तरी छान. बुद्धीच्या गोळ्या म्हणून 'नीट'ची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्या पोरांना विकलं जाणारं जे काही असतं, त्यापेक्षा त्या पोराला सात तास झोपू द्या.

पायरी ३: डबा उलटा करून वाचा

पुढच्या बाजूला धावणारा घोडा किंवा दंड दाखवणारा गडी असतो. कामाचं सगळं मागं बारीक अक्षरात असतं. कॅल्शियमची एक पट्टी घ्या. वर लिहिलंय 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.' आणि त्याखाली 'एलिमेंटल कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. इतकं'. अंगाला मिळायचं ते हे पाचशे. दोन कंपन्यांची तुलना याच आकड्यावर करायची, मोठ्या आकड्यावर नाही. लोहाचंही तसंच.

मग 'सर्व्हिंग' किती ते बघा. एका गोळीचं आहे की दोन स्कूपचं? रोजच्या गरजेच्या किती टक्के, हा रकाना बघा. तिथं १००० टक्के दिसले तर खूश होऊ नका, का हवेत ते विचारा. सप्लिमेंटवर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची सूचना असते. त्याच डब्याच्या पुढच्या बाजूला 'शुगर मुळापासून जाईल' असं छापलेलं असेल तर दोन्ही बाजू एकमेकींना खोटं पाडतात. 'खास मिश्रण ५ ग्रॅम' असं एकत्र लिहून आतल्या प्रत्येक घटकाचं प्रमाण दिलेलं नसेल तर मी तरी तो डबा परत शेल्फात ठेवतो.

पायरी ४: वेळ आणि जोडी

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका. एक दुसऱ्याची वाट अडवतं. लोह रात्री घेत असाल तर कॅल्शियम सकाळच्या जेवणाबरोबर. कार्बोनेट अन्नाबरोबरच नीट शोषलं जातं आणि एका वेळी ५०० च्या वर फारसं जात नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असेल तर लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. ड ची पुडी तूप-दूध असलेल्या जेवणासोबत, कारण ते चरबीत विरघळतं.

पायरी ५: इथं थांबा आणि डॉक्टरांना विचारा

एक चूक माझी सांगतो. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी. एका काकूंना ड च्या पुड्या दिल्या आणि तोंडी म्हटलं, "आठवड्याला एक." काकूंनी ऐकलं "एक." दोन महिने रोज एक घेतली. संपली की पुतण्या दुसऱ्या दुकानातून आणायचा. उलट्या, न भागणारी तहान, पोट साफ नाही, शेवटी भ्रमिष्टासारखं बोलू लागल्या तेव्हा संभाजीनगरला नेलं. रक्तात कॅल्शियम भयंकर वाढलेलं होतं आणि किडनीवर ताण आला होता. वाचल्या. तेव्हापासून प्रत्येक पुडीवर मी जाड पेनानं 'दर रविवारी' असं लिहितो. अ, ड, ई, के ही चार अंगात साठतात. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर मोठ्या माणसाला ड रोज ४००० युनिटच्या वर नको.

किडनीचा आजार असेल तर प्रोटीन पावडर आणि कॅल्शियम विचारल्याशिवाय नको. मुतखड्याचा त्रास असेल तर क जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या नकोत, आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू असेल तर के जीवनसत्त्व त्या गोळीचा परिणाम उलटवतं. गरोदरपणात अ जीवनसत्त्वाचा जास्त डोस बाळाला बाधतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर वाढल्याचं १९९० च्या दशकातल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि 'झाडपाल्याचं आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य सोडा. अश्वगंधेनंही काहींच्या यकृताला सूज आलेली नोंदली गेली आहे. डोळे पिवळे दिसले की सगळं बंद करून दवाखाना गाठा.

पायरी ६: कुठून घ्यायचं

लोह, फॉलिक ॲसिड, गरोदरपणातलं कॅल्शियम आणि लेकराचं झिंक यासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. विकतच घ्यायचं तर जनऔषधी केंद्रात तेच घटक बरेच स्वस्त मिळतात. हे मी स्वतः दुकानदार असून सांगतोय, घरचे ओरडतील.

सगळ्यात अवघड असतं नात्यातल्या माणसाला नाही म्हणणं. साखळीतून डबे विकणारा चुलतभाऊ चहाला येतो, लॅपटॉप उघडतो, आणि तीन हजारांचा डबा घरात येतो. त्याला दोनच प्रश्न विचारा: यात नेमकं काय किती आहे आणि माझ्या रिपोर्टमध्ये त्यातलं काय कमी आहे? बिनालेबलच्या, सांधेदुखीच्या किंवा वजन वाढवायच्या सुट्या पुड्या तर हातातही धरू नका. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं तपासणीत सापडलेलं आहे. चार दिवसांत गुडघे उड्या मारायला लागले आणि चेहरा गोल सुजू लागला तर हेच समजा. पण अचानक बंद न करता पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

पायरी ७: पुन्हा तपासा, आणि ठेवा नीट

सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. हिमोग्लोबिन महिन्याभरात हलायला हवं. नाही हललं तर गोळी पोटात जात नाही, मुरत नाही, किंवा कारणच वेगळं आहे. हिमोग्लोबिन भरल्यावरही लोह साधारण तीन महिने चालू ठेवायला सांगतात, साठा भरायला. ड चा कोर्स झाल्यावर डॉक्टर ठरवतील तेव्हा तपासणी, आणि मग रोजची छोटी मात्रा किंवा बंद. माळकरी घरात बी-१२ बहुधा चालूच ठेवावं लागतं.

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा होतो. फ्रिजच्या दारात ठेवल्या तर ओल लागते. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा, पण उंचावर, कुलपात. मोठ्यांच्या लोहाच्या मूठभर गोळ्या लहान लेकराच्या जिवावर बेततात, आणि त्या लालबुंद चकाकत्या गोळ्या त्याला चॉकलेटच वाटतात.